भाकरीच्या आधीची ओळ

गेल्या भाद्रपदापासून मी प्रभूची प्रार्थना सबंध म्हटली नव्हती. चर्चमध्ये जात होते, कारण गेले नसते तर लोक घरी आले असते आणि घरी आलेल्यांना चहा करावा लागला असता. रविवारी सगळ्यांबरोबर उभी राहायची, डोळे मिटायची, स्वर्गातल्या बापाला सगळ्यांच्या सुरात हाक मारायची. पण जिथं देवाची इच्छा पूर्ण होवो असं म्हणायचं असतं, तिथं पोचले की माझं तोंड बंद व्हायचं. मंडळी ती ओळ म्हणून पुढं जायची. मी तेवढी ओळ गाळायची आणि रोजची भाकर मागायची वेळ आली की पुन्हा त्यांच्यात सामील व्हायची. भाकर मागायला माझी हरकत नव्हती. माणूस गेल्यावरही भूक लागतेच, आणि तिची मला लाजही वाटत होती. हे कुणाला कळलं नाही. शेजारच्या बायका आपापल्या सुरात असतात. कोण कुठं थांबलं हे ऐकायला कुणाला सवड असते.

आमचे हे भाद्रपदात गेले. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी रेल्वेत, होटगी जंक्शनला काढली. तिथं असतानाच वळसंगच्या वाटेवर काळ्या रानाचा एक लहानसा तुकडा घेतला होता. निवृत्त झाल्यावर आम्ही जुळे सोलापूरला फ्लॅटमध्ये आलो, पण यांचा जीव त्या रानात. सकाळी स्कूटर काढायची, डबा घ्यायचा आणि संध्याकाळी मातीनं भरलेल्या चपला घेऊन जिना चढायचा. मी जन्मभर शाळेत शिकवलं. शेतातलं मला काही कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. जेवताना ते शाळूबद्दल, म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीबद्दल, बोलायला लागले की मी मान डोलवायची आणि मनात दुसऱ्या दिवशीच्या भाजीचा विचार करायची. शाळूला वरचं पाणी लागत नाही, ती जमिनीतल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर येते, हे त्यांनी मला लग्नापासून इतक्यांदा सांगितलं होतं की मी त्यांच्याआधी वाक्य पुरं करायची. ते हसायचे.

त्या दिवशी सकाळी ते गॅलरीत चादर पसरून बी निवडत बसले होते. रान तयार होतं. पाऊस उघडला होता. जमीन चिखलही नको आणि कोरडीही नको, अशा वेळेला वापसा म्हणतात, त्याची ते वाट बघत होते. ‘आज-उद्या वापसा येईल’, असं म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघराच्या दाराशी खाली बसले ते पुन्हा उठले नाहीत. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली, आम्ही दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेले. माझ्या मांडीवर त्यांचं डोकं होतं आणि मला ते कळलंसुद्धा नव्हतं. रिक्षावाल्याला मी सारखी सांगत होते, खड्डे चुकवून चालवा, त्यांना त्रास होतोय.

पुढचे दिवस कसे गेले ते मला धड आठवत नाही. आमच्या दफनभूमीची माती काळी आहे. ती यांच्यावर पडताना होणारा आवाज मात्र आठवतो. मग घरी प्रार्थनेला माणसं येत राहिली. चांगली माणसं, प्रेमाची माणसं. प्रत्येकजण जाताना माझा हात हातात घेऊन म्हणायचा, ‘प्रभूची इच्छा, बाई.’ मी मान हलवायची. पण आत काहीतरी तापत चाललं होतं. वर्गात एखाद्या पोरानं दुसऱ्याची पाटी फोडली असती आणि विचारल्यावर ‘माझी इच्छा’ म्हणाला असता, तर मी त्याला दिवसभर बाकावर उभं केलं असतं. देवाला बाकावर उभं करता येत नाही. म्हणून मी माझ्यापुरती ती ओळ बंद केली. हट्टच म्हणा हवं तर. माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

गॅलरीतलं बी मी गोळा केलं, फडक्यात बांधलं आणि पोटमाळ्यावर ढकलून दिलं. ते डोळ्यांसमोर नको होतं. नाताळ आला. दरवर्षी हे कागदी तारा आणून गॅलरीत टांगायचे आणि आत दिवा लावायला प्रत्येक वर्षी नवी वायर शोधायचे. यंदा मी तारा लावला नाही. ओळखीच्या घरांतून करंज्या आल्या, त्या डब्यातच राहिल्या. पाळकसाहेबांनी त्या दिवशी अंधारात उजेड आल्याबद्दल फार छान सांगितलं असणार. शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. मी खिडकीकडे बघत होते. आमच्या चर्चमध्ये पुरुष एका बाजूला बसतात आणि बायका दुसऱ्या. पुरुषांच्या बाजूला खिडकीजवळ यांची जागा होती. गर्दीच्या नाताळातही ती जागा कुणी घेतली नव्हती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण माणसं तिथं येऊन पुढं सरकायची.

नाताळानंतर माझा मुलगा पुण्याहून आला. समजूतदार आहे. म्हणाला, ‘आई, रान पडून आहे. तू एकटी काय करणार? एक जण घेतोय, त्याला दाखवून येऊ. मग तू माझ्याकडे चल.’ मला सगळंच पटलं. त्या दिवसांत मला कुणी काहीही सांगितलं असतं तरी पटलं असतं. घेणारा माणूस त्याच्या गाडीनं येणार होता, आम्ही दोघं आधी पोचलो. होटगीच्या पुढं वाट वळते तिथून आमचं रान दिसतं. मला वाटलं होतं काळी ढेकळं दिसतील, गवत माजलेलं असेल. मुलानं गाडी थांबवली आणि म्हणाला, ‘आपण चुकलो का?’

चुकलो नव्हतो. बांधावरचं बाभळीचं झाड तेच होतं. पण झाडापासून पलीकडच्या बांधापर्यंत माझ्या डोक्याहून उंच ज्वारी उभी होती. कणसं भरत आलेली. सकाळची वेळ, पानांवर दव होतं, आणि आत शिरल्याबरोबर माझा पदर ओला झाला. मी खुळ्यासारखी उभी राहिले. यांनी बी निवडलं होतं, पेरलं नव्हतं. बी तर माझ्या पोटमाळ्यावर होतं. क्षणभर माझ्या मनात काय काय आलं ते मी इथं लिहिणार नाही. शिकलेल्या बाईनं लिहावं असं ते नाही.

तेवढ्यात पाखरं हाकलायचा आवाज आला आणि ज्वारीच्या ताटांमधून शिवम्मा बाहेर आली. शिवम्मा आणि तिचा नवरा मल्लप्पा यांचं रान आमच्या बांधाला लागून आहे. घरात कानडी बोलतात, आमच्याशी मराठी. यांना सगळ्यांसारखी तीही दादा म्हणायची. यांची आणि त्यांची घसट जुनी, माझी मात्र नुसती तोंडओळख. यांच्या प्रार्थनेला ती दोघं येऊन गेली होती, एवढं पुसट आठवत होतं. तिला बघून मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग.

‘कुणाला विचारून पेरलंत?’ मी विचारलं. वर्गातला आवाज लागला माझा.

ती जराही बिचकली नाही. ‘तुमालाच की, बाई. तुमच्या घरला आलो तवा इचारलं न्हवं? रानाचं आमी बघू का म्हनलं. तुमी मान हलवली.’

मी तेव्हा सगळ्यांनाच मान हलवत होते, हे तिला कसं सांगणार. ती म्हणाली, ‘वापसा आलता. त्यो काय सुतकासाटी थांबतोय व्हय? आमचं पेरलं आन तशीच तिफन हिकडं वडली. मालक म्हनला, दादाचं रान पड ऱ्हायलं तर आपल्याला घास जाईल का.’

‘आणि बी?’

‘दादाचंच की. दर साली चांगली कनसं निवडून आमाला बी द्यायचा त्यो. गेल्या साली दिल्यालं आमी वाडीवलं, त्यातलंच हितं पेरलं. त्याचं त्याला.’ मग ती माझ्याकडे बघून जरा हळू बोलली, ‘सांगायला येनार व्हतो. पन म्हनलं उगवू तर दे. वर पाऊस न्हाई, बाईला उगा आशा कशाला. तसं शाळूला वरचं पानी लागत न्हाई म्हना...’

‘खालची ओल आणि पहाटेचं दव’, मी म्हटलं. ते वाक्य मीच पुरं केलं, नेहमीसारखं. आणि ज्या माणसाच्या आधी पुरं करायची तो माणूस नव्हता. शिवम्मानं चार कणसं खुडली, तळव्यावर चोळली, फुंकर मारून भुसा उडवला आणि कोवळे दाणे माझ्या हातावर ठेवले. मला नको म्हणायचं होतं. तोंडात टाकले. इतके गोड होते की मी तिथंच ताटांना धरून रडायला लागले, दवाखान्यात आणि दफनभूमीत जे रडले नव्हते ते सगळं. माझा मुलगा गांगरून गेला. शिवम्मा पाठ फिरवून पाखरांवर ओरडत राहिली. तिथं एकही पाखरू नव्हतं.

घेणारा माणूस आला तेव्हा मी त्याला सांगितलं, पीक उभं आहे, निघाल्याशिवाय बोलणं नको. त्यानं रानाकडे एकदा बघितलं आणि तो फार काही न बोलता गेला. मुलगाही एकटाच पुण्याला गेला.

इथं मी थांबले असते तर चर्चमध्ये देतात तशी ही साक्ष छान झाली असती. पण खरं सांगते, त्या रविवारी मला वाटलं की आता तरी ती ओळ तोंडून निघेल. निघाली नाही. ज्वारी आली ही देवाची इच्छा म्हणायची, तर तिच्याआधी जे झालं तीही त्याचीच म्हणावी लागणार होती. एक घेऊन दुसरी परत करता येत नव्हती. मी पुन्हा गप्प राहिले आणि पुन्हा भाकरीपाशी सामील झाले. फरक एवढाच की आता भाकर म्हणताना ते रान डोळ्यांसमोर यायचं. संध्याकाळी कधी बसनं होटगीला जायची, तिथून मिळेल त्या वाहनानं रानात. काही काम करायची नाही. बांधावर बसून राहायची. जानेवारी गेला, ताटं पिवळी पडायला लागली. ऊन वाढलं, जमिनीला भेगा पडायला लागल्या, तसे दाणे टणक होत गेले. जमीन वरून इतकी सुकलेली असताना ही ताटं कशावर उभी आहेत, असं वाटायचं. यांनी सांगितलं होतं कशावर ते. मी ऐकलं नव्हतं, पण ते कुठंतरी आत जाऊन बसलं होतं, आणि माझेही दिवस बहुधा त्याच्यावरच निघत होते.

राखेचा बुधवार झाला, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला. त्याच दिवसांत ज्वारी निघाली, मळणी झाली. माझ्या वाट्याची पोती मल्लप्पानं फ्लॅटच्या जिन्यावरून खांद्यावर चढवली. शिवम्मा बरोबर आली होती. पाणी पिता पिता म्हणाली, ‘दादा कनसांची जुडी न्यायचा तुमच्या देवळात. कदी असतंय ते?’

आमच्या मंडळीत सुगीचा सण असतो. मोठ्या शहरांतले आमचे लोक जरा नाक मुरडतात, की उपवासकाळात कसला सण. पण इथली मंडळी मूळची आसपासच्या गावांतली. ज्वारीची रास झाली की पहिलं देवाला, हे त्यांच्या हाडात आहे. प्रत्येकजण आपल्या घरचं काहीतरी घेऊन येतो. कुणी धान्य, कुणी शेवग्याच्या शेंगा, कोंबडी, अंडी, कुणी शेंगाचटणी आणि कडक भाकरी. ज्यांना रान नाही ते बिस्किटाचे पुडे नाहीतर साबणसुद्धा आणतात. उपासना संपत आली की सगळ्याचा लिलाव होतो. घेतलेली वस्तू माणूस पुन्हा टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली होते, चर्चला मदत होते आणि हसणंखिदळणंही होतं. यांना त्याची फार हौस. एखाद्या म्हातारीच्या अंड्यांना बोली येईना झाली, तिचा चेहरा पडला, की खिडकीजवळून हे हात वर करायचे. सणाच्या संध्याकाळी आमच्याकडे हमखास अंड्यांचं कालवण.

‘यंदा राहू दे, शिवम्मा’, मी म्हटलं. ‘माझ्याच्यानं नाही व्हायचं.’

‘तुमी नका आनू. मी आनते. वार तेवढा सांगा.’

मी रविवार सांगितला. ती कशाला येतेय, असंच मला वाटलं होतं. चर्च कुठं ते तिला कोण सांगणार, हाही विचार होता. नंतर कळलं, वडापच्या जीपमधून उतरून रिक्षावाल्यांना विचारत विचारत ती पोचली.

उपासना निम्मी झाली होती. दारात कुणीतरी चपला काढल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर शिवम्मा. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, छातीशी धरलेली कणसांची जुडी. उंबऱ्याला हात लावून तिनं तो कपाळाला लावला, जुडी पुढच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि बसायला जागा बघू लागली. बायकांची बाजू गच्च भरलेली. मी हात करेपर्यंत तिला खिडकीजवळची मोकळी जागा दिसली आणि ती सरळ जाऊन तिथं बसली. पुरुषांच्या बाजूला, यांच्या जागेवर. दोघंतिघं चुळबुळले. पाळकसाहेबांनी बघितलं आणि शास्त्रपाठ पुढं चालू ठेवला.

लिलाव पुकारतात ते याकोबमामा. यांचे जुने मित्र, गिरणीत काम केलेले, त्यामुळे आवाज असा की यंत्रांच्या गोंगाटातही ऐकू जावा. भराभर वस्तू निघाल्या. कोंबडी तीनदा विकली गेली आणि तिन्ही वेळा ओरडली. लोक हसत होते. मी मांडीवरच्या हातांकडे बघत बसले होते. मग याकोबमामांनी जुडी उचलली. ‘वळसंगच्या वाटेवरची ज्वारी’, ते म्हणाले, आणि एकदम सगळे शांत झाले. कुणाची ते सगळ्यांना माहीत होतं. बोली करायला कुणाचं तोंड उघडेना. आणि बोली येईनाशी झाली की याकोबमामा इतकी वर्षं जे करत आले होते तेच त्यांनी केलं. खिडकीकडे वळले आणि म्हणाले, ‘बोला, दादा.’

म्हणून गेले आणि त्यांच्या लक्षात आलं. जुडी धरलेला हात तसाच वर राहिला. वाटलं उठून बाहेर जावं, परत या दारात पाऊल टाकू नये.

खिडकीजवळून शिवम्मा उठली. तिला वाटलं तिलाच विचारलं. ‘काय बोलू?’ ती म्हणाली. ‘जुडी दादाची हाय. देवाला आनलीया. देवाला दिल्यालं इकता व्हय तुमी?’

रागानं नव्हे, तिनं खरोखरच विचारलं होतं. कुणी हसलं नाही. याकोबमामांनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेब पुढं आले, त्यांच्या हातातून जुडी घेतली. ‘बरोबर आहे, अक्का’, ते म्हणाले. ‘ही विकायची नाही.’ आणि त्यांनी ती प्रभूभोजनाच्या मेजावर, भाकरीचं ताट ठेवतात तिथं ठेवली. शिवम्मा मात्र अजून उभीच होती. आता बसायचं की नाही, आपलं काही चुकलं का, हे तिला कळत नव्हतं. एवढ्या अनोळखी माणसांत एकटी. तेव्हा मी उठले. मधली वाट ओलांडून पुरुषांच्या बाजूला गेले आणि तिच्याजवळ उभी राहिले. यांच्या जागेवरून चर्च कसं दिसतं हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. तिथून बायकांची बाजू दिसते. माझी बसायची जागा अगदी समोर दिसते.

पाळकसाहेबांनी सगळ्यांना प्रार्थनेला उभं केलं. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. शिवम्माला ती कुठून येणार. पण पाहुणी म्हणून आली आहे, सगळे म्हणताहेत आणि आपण गप्प राहावं हे तिला बरं वाटलं नसावं. तिनं डोळे मिटले नाहीत. माझ्या ओठांकडे बघत, माझ्यामागून एकेक शब्द ती म्हणायला लागली. बापाला मी हाक मारली, मागून तिनं मारली. त्याचं नाव, त्याचं राज्य. मग ती ओळ आली आणि सवयीनं माझं तोंड मिटलं.

तीही थांबली. सगळी मंडळी पुढं गेली, भाकरीपर्यंत पोचली. शिवम्मा माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, तिचे ओठ अर्धवट उघडे. पुढचा शब्द मी देईन म्हणून ती वाट बघत होती. मी भाकरीला सामील झाले असते तर तिच्या प्रार्थनेत ती ओळ आलीच नसती, आणि तिला ते कधी कळलंही नसतं. मी माझ्या तोंडची ओळ रोखून धरली होती, ते माझं आणि देवाचं भांडण होतं. पण जिनं न विचारल्यासारखं विचारून माझं रान पेरलं, तिच्या तोंडची ओळ मी कशी अडवू? मी म्हटली. देवाच्या इच्छेप्रमाणे होऊ दे, असं मी सगळ्यांच्या मागून, एकटीनं, मोडक्यातोडक्या सुरात म्हटलं आणि माझ्यामागून शिवम्मानं म्हटलं. मग आम्ही दोघींनी भाकर मागितली. तोवर मंडळीचं आमेन होऊन गेलं होतं. पाळकसाहेबांनी डोळे उघडले नाहीत. आमचं संपेपर्यंत कुणीच हललं नाही.

नंतर चहा घेताना शिवम्मा म्हणाली, ‘मदीच थांबला व्हता तुमी. इसरला काय?’

‘हो’, मी म्हटलं. ‘विसरले होते.’

‘मला वाटलं, तितंच संपतंय.’

मी तिला चहाबरोबरची करंजी दिली. ती दुपारच्या वडापनं गावी गेली. संध्याकाळी तिनं तिच्या घरी सिद्धरामेश्वरापुढं दिवा लावला असणार, रोजच्यासारखा. तिच्या मनात आमच्या देवळात येण्यामागं दादाची जुडी पोचवण्यापलीकडे काही नव्हतं. मला कुणी विचारतं, ही देवाची खूण होती का. मला ठाऊक नाही. शेजारधर्म म्हटलं तरी भागतं. पण त्या सहा महिन्यांत मला धीराच्या गोष्टी सांगणारी इतकी माणसं भेटली, आणि प्रभूनं माझ्याकडे धाडली ती प्रार्थनेचा एक शब्दही न येणारी बाई, हे मला नाकारता येत नाही.

ईस्टरला, पुनरुत्थानाच्या रविवारी, पहाटे आमची मंडळी दफनभूमीत जमते. कबरी झाडून, फुलं घालून, मेणबत्त्या लावून गाणी म्हणायची आणि पूर्वेला तांबडं फुटायची वाट बघायची. यांची कबर अजून बांधलेली नाही. काळी माती वर्षभर बसू द्यावी लागते, नाहीतर बांधकाम तडकतं. उन्हाळ्यानं तिलाही रानासारख्याच भेगा पडल्या होत्या. पाळकसाहेबांनी मेजावरची जुडी मला परत दिली होती, ती मी तिथं ठेवली. उजाडता उजाडता चिमण्या आल्या आणि दाणे टिपायला लागल्या. मी त्यांना हाकललं नाही. सगळे गात होते, प्रभू उठला म्हणून. मला फार रडू आलं. तो उठला यावर माझा विश्वास आहे. पण हे अजून मातीत आहेत, आणि त्या पहाटे मला ते दोन्ही एकदम सोसावं लागलं.

घरी येऊन पोटमाळ्यावरचं गाठोडं काढलं. बी किडलं नव्हतं. निवडता निवडताच यांनी त्यात कडुलिंबाचा पाला टाकून ठेवला होता. ते मी शिवम्माला दिलं. रान विकलेलं नाही. येत्या वापशाला ते बी पेरायचं, निम्मं त्यांचं निम्मं माझं, असं ठरलंय. मुलाला कळवलं, तो जरा रागावला, मग म्हणाला हुरड्याला येतो.

शरण जाणं म्हणजे भांडण मिटणं, असं मी इतकी वर्षं मुलांना चर्चमध्ये बायबलच्या वर्गात शिकवत आले. माझं भांडण मिटलेलं नाही. सकाळी एक कप चहा जास्त होतो आणि मी तो ओतून देते, तेव्हा देवाला बाकावर उभं करावंसं अजून वाटतं. पण ती ओळ आता मी गाळत नाही. रविवारी तिथं पोचले की थांबते. मंडळी पुढं जाते, जाऊ दे. श्वास घेते, खिडकीकडे बघते आणि ती म्हणते. मगच भाकर मागते.